डाव्या हातावरचं ऊन

आईच्या डाव्या हातावरचे चट्टे उजव्या हातापेक्षा जास्त का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. आईला नऊ वर्षांपासून ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. हा आजार असलेल्या बऱ्याच जणांना ऊन सोसत नाही. अंगावर पुरळ उठतं, सांधे धरतात, ताप भरतो. त्यामुळे आमच्या घरात उन्हाचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे. सकाळी नऊनंतर ती गॅलरीत जात नाही, कपडे मी वाळत घालते, बाहेर पडायचं तर लांब बाह्या, सनस्क्रीन आणि छत्री. स्टेशनपर्यंतचं ऊन नको म्हणून तर आम्ही गाडी घेतली होती.

"परळला येता कशा?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेक आणते गाडीनं. मुलुंडहून."

"गाडीत बसता कुठे?"

"तिच्या शेजारी. तेवढ्याच गप्पा होतात."

त्यांनी केसपेपरच्या मागे एक उभी रेघ काढली. वर मुलुंड, खाली परळ. सकाळी तुम्ही दक्षिणेकडे येता, म्हणजे पूर्व डाव्या हाताला. दुपारी चारला परत निघता तेव्हा तोंड उत्तरेकडे, म्हणजे पश्चिम डाव्या हाताला. जाताना सकाळचं ऊन डावीकडून, येताना संध्याकाळचंही डावीकडूनच. मी चार वर्षं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून गाडी चालवते आहे आणि ही गोष्ट माझ्या एकदाही लक्षात आली नव्हती, याचं मला आतून फार लागलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. काच लावून घेतली की ऊन बाहेर राहतं, ही माझी समजूत अर्धीच खरी होती. अतिनील किरणांचे आपल्यापर्यंत पोचणारे दोन प्रकार. त्यातलं यूव्हीबी साध्या काचेतही बरंचसं अडतं, यूव्हीए मात्र बरंचसं आरपार येतं. गाडीची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते, लॅमिनेटेड. तो पापुद्रा अपघातात काचेचे तुकडे धरून ठेवण्यासाठी असतो, पण त्यामुळे यूव्हीएसुद्धा जवळपास सगळं अडतं. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी, टफन्ड म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात. तिथून ते येतं. म्हणजे समोरून आई सुरक्षित होती आणि बाजूने उघडी.

"उजवीकडे मागे बसवा," डॉक्टर म्हणाले. आई तिथल्या तिथे नाही म्हणाली. मागे बसलं की तिला मळमळतं, आणि मी काय बोलते ते ऐकू येत नाही. मग काचांचं काहीतरी करायचं, असं मी ठरवलं.

यात माझी पहिली चूक घाईची झाली. उन्हाला काळी काच, एवढंच डोक्यात होतं. काचेवर चिकटवायची काळी फिल्म मिळते अशा घराजवळच्या एका दुकानात गेले. "पस्तीस टक्क्यांची घ्या मॅडम, एकदम गार. पोलीस काही करत नाहीत, सगळ्यांच्या गाड्यांना आहे." पस्तीस टक्के म्हणजे तेवढाच उजेड आत सोडणारी. दोन हजार आठशे रुपये दिले. साबणाचं पाणी मारून, रबरी पट्टीने पाणी ओढून तासाभरात चारही दारांना आणि मागच्या काचेला फिल्म लागली. तीन दिवस काचा खाली करू नका, एवढी एक सूचना मिळाली. आई आत बसली आणि म्हणाली, "झाडाखाली बसल्यासारखं वाटतंय गं." मला किती बरं वाटलं!

जुलैमध्ये एका रात्री भांडुपला एलबीएस मार्गावर डावीकडे वळत होते. धो धो पाऊस, रस्त्यावर अर्धे दिवे बंद. डावा आरसा त्या काळ्या काचेतूनच बघायचा असतो, आणि आरशात मला काहीही दिसलं नाही. सायकलवर प्लास्टिकचा कागद पांघरलेला एक माणूस होता. तो बॉनेटच्या कडेला दिसला तेव्हा ब्रेक लागला. तो काही न बोलता पुढे गेला. मी पुढे दहा मिनिटं गाडी कडेला उभी करून बसले. दिवसा गारवा देणारी गोष्ट रात्री माझे डोळे काढून घेत होती, आणि हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात, परळला जाताना, सायनला वाहतूक पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. माझ्याकडे आईच्या आजाराचं डॉक्टरांचं पत्र होतं. हवालदारसाहेबांनी ते खरोखर पूर्ण वाचलं. "मावशींचा त्रास खरा आहे ताई. पण फिल्म चालत नाही. दोन हजार बारापासून बंद आहे." पाचशेचं ई-चलान झालं. दुसऱ्यांदा सापडलात तर पंधराशे, हेही सांगितलं. मग आईला त्यांनी चौकीच्या सावलीत खुर्ची दिली आणि दारांच्या काचांवरची फिल्म ब्लेडने कोपऱ्यातून उचलून ओढून काढली. मागच्या काचेवर त्यांनी हात घातला नाही. तिथे डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या बारीक तारा असतात आणि ओढताना त्या तुटतात. ती मी घरी केसांच्या ड्रायरने गरम करत करत काढली. डिंकाचे डाग उरले ते वेगळंच. आणि सायनपासून परळपर्यंत आई फिल्म नसलेल्या काचेशेजारी, ओढणी डोक्यावरून घेऊन बसली. तीन दिवस ताप होता.

या सगळ्यातून माझ्याकडे एकच कामाची वस्तू उरली. निघालेल्या फिल्मचा वीतभर तुकडा मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता.

कुर्ल्याचा सीएसटी रोड गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. काचांवर दुसरा काही उपाय मिळतो का बघायला तिथे गेले. आधी दोन मोठी दुकानं केली. दोन्हीकडे एकच प्रयोग दाखवला. लाल दिव्यासारखा हीट लॅम्प, मध्ये काच, पलीकडे माझा हात. साध्या काचेमागे हात भाजतो, फिल्मच्या काचेमागे काहीच लागत नाही. प्रयोग खोटा नाही, पण त्या दिव्यातून येतं ते मुख्यतः अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. सूर्याच्या उन्हात साधारण अर्धी ऊर्जा अवरक्त असते, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास दिसणारा प्रकाश, आणि उरलेले जेमतेम पाचेक टक्के अतिनील. आईचं दुखणं त्या पाच टक्क्यांत होतं आणि दिवा त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हता. मी विचारलं तर "नव्व्याण्णव टक्के यूव्ही कट" असं पत्रकावर बोट ठेवून सांगितलं. पत्रकावर काय, सगळ्यांच्याच लिहिलेलं असतं.

तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर कारागीर भेटले. तीस वर्षं फिल्म लावतात. दुकान म्हणजे एक शटर आणि फुटपाथवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी माझी गोष्ट सांगितली. त्यांनी दिवा बाहेर काढला नाही. खिशातून पाचशेची नोट काढली आणि एक छोटी जांभळी टॉर्च.

"आत बसा ताई, नोट काचेला लावून धरा."

नोटेच्या क्रमांकाची शाई आणि कागदात विखुरलेले तंतू अतिनील प्रकाशात चमकतात. बँकेतलं ते यंत्र तेच बघतं. त्यांनी बाहेरून दाराच्या काचेतून टॉर्च मारली. नोट लखलखली. मग पुढच्या काचेतून मारली. नोट अंधारातच राहिली, फक्त टॉर्चचा पुसट जांभळा उजेड तिच्यावर पडला. डॉक्टरांनी केसपेपरवर सांगितलेलं सगळं माझ्या हातातल्या नोटेवर दिसत होतं.

मग मी डॅशबोर्डमधून तो काळा तुकडा काढला. काकांनी तो दाराच्या काचेवर बाहेरून धरला आणि टॉर्च मारली. नोट चमकली. आधीपेक्षा मंद, पण क्रमांक वाचता येईल इतकी. शेवटी त्यांनी एका गुंडाळीतून जवळजवळ पारदर्शक, जेमतेम राखाडी झाक असलेली फिल्म कापून तिथे धरली. नोट विझली.

मी बराच वेळ काही बोलले नाही. झाडाखाली बसल्यासारखं वाटतंय म्हणत माझी आई त्या काळ्या काचेशेजारी निर्धास्त बसत होती. डोळ्यांना सावली, कातडीला ऊन. उलट अंधार असला की माणूस सनस्क्रीन लावायला विसरतो, आणि ती खरोखर विसरायला लागली होती.

काकांनी मग चहा मागवला आणि फिल्मचे प्रकार समजावले. मी घेतलेली सगळ्यात स्वस्त, रंग दिलेली. दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा रंग उडून ती जांभळट पडते. मग धातूचा मुलामा दिलेली येते. ती उष्णता चांगली परतवते, पण मोबाइलच्या आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा करते, आणि समोरच्या काचेवर लावली तर फास्टॅगही वाचला जात नाही. कार्बनची रंग टिकवते. सिरॅमिकच्या फिल्ममध्ये अतिसूक्ष्म सिरॅमिक कण असतात. ती महाग, पण काळी न होता अवरक्त अडवते आणि सिग्नलच्या वाटेत येत नाही. अतिनील अडवण्याचं काम मात्र यातल्या कशाच्याही रंगाचं नाही, फिल्मच्या प्लास्टिकमध्ये आणि डिंकात मिसळलेल्या यूव्ही शोषकाचं आहे. तो घातला असेल तर पाण्यासारखी स्वच्छ फिल्मही पुरते. नसेल तर कोळशासारखी काळीही कमीच.

पत्रकावरच्या आकड्यांत टीएसईआर बघा, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. तो सगळ्या सौर ऊर्जेपैकी एकूण किती परतवली त्याचा आकडा असतो. "नव्व्याण्णव टक्के आयआर" हा बहुतेक वेळा अवरक्ताच्या एखाद्या ठरावीक पट्ट्यात मोजलेला असतो. त्यांच्याकडच्या एका फिल्मवर समोर ठळक अक्षरांत सत्त्याण्णव होते आणि मागे बारीक अक्षरांत टीएसईआर पंचेचाळीस. लोक सत्त्याण्णव वाचून पैसे देतात.

आता कायदा. हा भाग मी नंतर घरी बसून नीट वाचला, कारण दुसऱ्यांदा आईला रस्त्यावर बसवायचं नव्हतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत गेला पाहिजे. यालाच व्हीएलटी म्हणतात. २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही टक्केवारी काच बनवतानाच साधलेली असावी, वरून कुठल्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचं नाही. ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. सवलतीचा विचार होऊ शकतो तो झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांचा. आजारपणाची वेगळी सूट त्यात नाही. हवालदारसाहेब बरोबर होते.

पुढे नियमातच बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून "सेफ्टी ग्लास"च्या जोडीला "सेफ्टी ग्लेझिंग" हा शब्द आला, म्हणजे आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही मानकात बसली. त्या आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावायला हरकत नाही. हे वाचून मला फार आशा वाटली. दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा कुर्ल्याला गेले.

काकांनी टिंट मीटर काढला, काचेतून किती टक्के प्रकाश जातो ते मोजणारा. माझ्या दाराच्या कोऱ्या काचेवर लावला. ७४.

हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होते की कोरी काच म्हणजे शंभर. पण गाड्यांच्या काचांना कारखान्यातूनच किंचित हिरवी झाक असते, आणि फिल्म लावली की दोन्हींचा गुणाकार होतो. ७० टक्क्यांची फिल्म ७४ च्या काचेवर म्हणजे ५१.८. जेमतेम पास. शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीची काच जास्त हिरवी होती, ७०. तिच्यावर तीच फिल्म लावली तर ४९, नापास. फिल्मच्या खोक्यावर "७०" लिहिलंय म्हणून कायद्यात बसलो, असं मानणाऱ्यांनी एकदा आपली काच मोजून घ्यावी. मी तेव्हा घेतलेली पस्तीसची फिल्म तर सव्वीसच्या खाली गेली होती. मग त्या रात्री आरशात सायकल कशी दिसणार?

पुढच्या काचेचं गणित त्याहून सोपं. ती ७६ निघाली. नव्वद टक्क्यांची जवळपास अदृश्य फिल्म लावली तरी ६८.४, म्हणजे सत्तरच्या खाली. आणि यूव्हीए ती आधीच अडवते. तिला हात लावण्याचं काहीच कारण नाही.

काका म्हणाले, "दारांना स्वच्छ सिरॅमिक लावून देतो. गणितात बसते." त्यांच्याकडे गरवारेची होती. फिल्म बनवणारी ही कंपनी आपल्या छत्रपती संभाजीनगरची, हे ऐकून मला छान वाटलं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

पण मी सायनचा तो चौक डोळ्यांसमोर आणला. उन्हात उभे असलेले हवालदारसाहेब, त्यांच्याकडे प्रत्येक वेळी टिंट मीटर असेलच असं नाही. ते नख घालून बघणार, फिल्म आहे म्हणणार. मी केरळचा निकाल काढणार, ते सर्वोच्च न्यायालयाचा सांगणार. दोघांचं म्हणणं ऐकून घेण्याजोगं, आणि तोवर आई काच खाली केलेल्या गाडीत. निरोगी माणसाने हा वाद जरूर घालावा, मला तो परवडत नाही. मी काकांना तसं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. थोडा विचार करून त्यांनीच विचारलं, "तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला यूव्ही कट काच येते ना?"

येत होती. मी गाडी घेताना पैसे वाचवायला खालचा व्हेरियंट घेतला होता. दार तेच, माप तेच, फक्त काचेत फरक. काचेतच अतिनील अडवण्याची सोय केलेली, त्यामुळे वरून चिकटवायचं काही नाही आणि नख घालायला कडाही नाही. डावीकडच्या दोन्ही दारांच्या काचा मागवल्या. नऊ दिवस लागले. बसवण्यासकट साडेसात हजार. सिरॅमिक फिल्म थोडी स्वस्त पडली असती.

काचा आल्या तेव्हा बसवण्याआधी मी दोन गोष्टी बघितल्या. कोपऱ्यातला शिक्का वाचला, आयएसआयची खूण आणि आयएस २५५३, म्हणजे सुरक्षा काचेचं भारतीय मानक. मग माझ्याजवळची पाचशेची नोट काचेमागे धरली आणि काकांची टॉर्च मागितली. क्रमांक दिसलाच नाही, तंतूंची एखाद-दुसरी रेघ पुसटशी. लॅमिनेटेड काचेइतकं पक्कं नाही, पण पूर्वीच्या काचेशी तुलनाच नको. मीटरने ७१ दाखवले. रात्री आरसा स्वच्छ दिसतो, हे त्याच संध्याकाळी पावसात भांडुपच्या त्याच वळणावर मुद्दाम जाऊन पाहिलं.

उकाडा थोडाच कमी झाला. तो मी एसीवर सोडला आहे. गाडी सुरू करून आधी चारही काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ देते, मग आईला खाली बोलावते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी काचेचं कौतुक केलं आणि तरीही उजवीकडे मागे बसायलाच सांगितलं. सनस्क्रीनही चालू. काच हा एक पदर आहे, एकटीवर भिस्त नको, असं त्यांचं म्हणणं. आईने या वेळी ऐकलं. मळमळीसाठी निघताना आल्याची वडी तोंडात धरते. मी आतला आरसा थोडा खाली वळवला आहे, म्हणजे मागची काच अर्धीच दिसते पण तिचा चेहरा दिसतो. हायवेला लागण्याआधी मी तो परत सरळ करते, आणि मग ती मागून मोठ्याने बोलते.

गेल्या महिन्यात तपासण्या लांबल्या आणि परळहून निघायलाच साडेसहा झाले. घाटकोपरला येईपर्यंत दिवे लागले होते. मागून आवाज आला, "आता कुठलं गं ऊन? थांबव जरा." सर्व्हिस रोडला गाडी घेतली. ती उतरली, पुढे येऊन बसली, पट्टा लावला आणि नव्या काचेवर बोट फिरवून म्हणाली, "हिच्यात काही घातलंय असं वाटतच नाही."

"नाहीच वाटत," मी म्हटलं आणि गाडी पुन्हा हायवेला घेतली.